कोलियसची पाने हिरवी का पडतात, आणि त्याला खत घालावे तरी किती?

पावसाळ्याच्या तोंडावर रोपवाटिकेत गेले की फुलझाडांच्या आधी कोलियसची काळी पिशवी नजरेत भरते. किरमिजी पानाला पोपटी काठ, मधोमध गुलाबी पट्टा, आणि शेजारच्या पिशवीत नेमका उलटा रंगमेळ. आपण दोन-तीन रोपे हौसेने घरी आणतो, कुंडीत लावतो आणि दिवाणखान्यातल्या टीपॉयवर किंवा खिडकीशी ठेवतो. महिन्याभरात झाड उंच आणि किडकिडीत होते, पानांचा लाल रंग विटत जातो आणि एके दिवशी लक्षात येते, की रंगीत म्हणून आणलेले झाड जवळपास हिरवेच झाले आहे. मग कोणीतरी सांगते, ‘त्याला खत कमी पडतेय.’ खत घातले जाते. झाड आणखी हिरवे होते, आणखी लांबते, आणि कधीकधी पानांच्या कडा करपून माना टाकते.

यातली गफलत खताच्या प्रकारात नसून खताविषयीच्या आपल्या समजुतीत आहे. कोलियस उपाशी राहून मरते असे क्वचितच घडते. आपल्या घरांमध्ये त्याला बहुतेक वेळा अंधार, ओल आणि अजीर्ण या तिघांचा त्रास होतो.

तुळशीच्या घराण्यातले झाड

कोलियसचे देठ बोटांत धरून फिरवून पाहावे, ते गोल नसून चौकोनी असते. पाने जोडीजोडीने समोरासमोर येतात आणि पुढची जोडी मागच्या जोडीशी काटकोन करते. तुळस, सब्जा, पुदिना या सर्वांची ठेवण अशीच असते, कारण ही सगळी एकाच कुळातली झाडे आहेत. भजी करण्यासाठी आपण ज्याची जाड पाने तोडतो तो पानओवा तर कोलियसचा सख्खा भाऊ म्हणावा इतका जवळचा आहे. स्वीडनचा वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस याने 1763 मध्ये या झाडाला नाव दिले तेव्हा त्याला थेट तुळशीच्याच प्रजातीत बसवले होते. कोलियस ही वेगळी प्रजात 1790 मध्ये लोरेरो या पोर्तुगीज धर्मोपदेशकाने मांडली. ग्रीक भाषेत ‘कोलिऑस’ म्हणजे म्यान. याच्या फुलातील पुंकेसर तळाशी जुळून म्यानासारखी नळी करतात, त्यावरून हे नाव आले. मधल्या काळात शास्त्रज्ञांनी त्याची नावे इतक्या वेळा बदलली, की जुन्या पुस्तकात एक, नव्यात दुसरे आणि रोपवाटिकेच्या पाटीवर तिसरेच नाव दिसते. 2019 मध्ये झालेल्या फेरमांडणीत ते पुन्हा कोलियसमध्ये आले. रोपवाटिकावाल्यांनी मात्र त्याला कोलियस म्हणणे कधी सोडलेच नव्हते.

या वंशावळीतून आपल्याला दोन उपयोगाच्या गोष्टी कळतात. हे झाड मूळचे जावा आणि आसपासच्या उष्ण, दमट प्रदेशातले आहे, त्यामुळे कोकणातली दमट हवा त्याला मानवते आणि पठारावरची कोरडी झळ किंवा कडाक्याची थंडी मानवत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे, ज्या घरात तुळस नीट वाढते त्या घरातील माणसाला कोलियस सांभाळण्याचे निम्मे शिक्षण आधीच मिळालेले असते. फरक उन्हाचा. तुळशीला दिवसभराचे ऊन चालते, कोलियसला ते बहुधा सोसत नाही.

रंग खताच्या पिशवीतून येत नाही

पानातील हिरवा रंग हरितद्रव्याचा असतो. उन्हाच्या साहाय्याने हवा आणि पाणी यांपासून साखर तयार करण्याचे, म्हणजे झाडाचा स्वयंपाक करण्याचे काम हेच द्रव्य करते. कोलियसच्या पानात त्याच्या जोडीला अँथोसायनिन नावाचे लाल-जांभळे रंगद्रव्य असते. कोकमात आणि जांभळात जो रंग आहे तो याच जातीचा. पानाच्या दृष्टीने हे द्रव्य शोभेचे नसून संरक्षणाचे आहे. तीव्र प्रकाशाने आतल्या यंत्रणेला इजा होऊ नये म्हणून पान त्याचा पडदा तयार करते. पुण्यात भर दुपारी दुचाकीवरून जाणाऱ्या मुली चेहऱ्याला स्कार्फ गुंडाळतात आणि घरात शिरताच तो सोडतात, तसेच हे आहे. दिवाणखान्यात आणलेल्या कोलियसला पडद्याची गरज उरत नाही, म्हणून नवी पाने कमी लाल येतात. उलट मिळेल तेवढा तुटपुंजा प्रकाश पकडता यावा म्हणून हरितद्रव्याचा वाटा वाढतो. झाड बिघडलेले नाही, ते जागेशी जुळवून घेते आहे.

‘पण आमच्या हॉलमध्ये भरपूर उजेड आहे’ असे यावर हमखास म्हटले जाते. येथे आपले डोळे आपल्याला फसवतात. प्रकाश मोजण्याचे लक्स हे एकक घेतले तर भर दुपारच्या उन्हात सुमारे 1,00,000 लक्स प्रकाश असतो, मोकळ्या आकाशाखालच्या सावलीत 10,000 किंवा त्याहून थोडा अधिक, आणि दिवे लावलेल्या खोलीत बहुधा 100 ते 500. आपल्या बाहुल्या आकुंचन-प्रसरण पावून हा फरक झाकून टाकतात, त्यामुळे पुस्तक वाचता येईल एवढा उजेड आपल्याला भरपूर वाटतो; झाडाला तो तिन्हीसांजेसारखा असतो.

म्हणून कोलियसची जागा ठरवताना पूर्वेकडची गॅलरी पहिली निवडावी. सकाळचे तीन-चार तास कोवळे ऊन आणि उरलेला दिवस मोकळी सावली मिळाली की रंग आपोआप खुलतो. पश्चिमेच्या गॅलरीत एप्रिल-मे महिन्यांत दुपारचे ऊन पानांवर थेट पडले तर रंग उडतो आणि पानांवर तपकिरी चट्टे पडतात. तेथे हिरवी जाळी बांधावी किंवा कुंडी मोठ्या झाडाच्या आडोशाला सरकवावी. साधारणपणे गडद लाल-जांभळ्या पानांचे प्रकार ऊन अधिक सोसतात. फिकट पिवळ्या किंवा पांढऱ्या भागांचे प्रकार नाजूक असतात, कारण पांढऱ्या भागात हरितद्रव्य जवळपास नसतेच आणि तो भाग हिरव्या भागाच्या कमाईवर जगतो. अशा झाडाची वाढ मुळातच सावकाश असते. ती खत घालून वाढवण्याच्या फंदात पडू नये.

पिशवीवरच्या तीन आकड्यांचा अर्थ

आता खताकडे वळू. खत म्हणजे झाडाचे जेवण, हा आपल्याकडचा सर्वांत पक्का गैरसमज आहे. जेवण झाड प्रकाशातून स्वतः तयार करते. खतातून मिळते ते भाजीत घालायच्या मिठासारखे: थोडेसे, पण नसून चालत नाही, आणि जास्त झाले तर सगळे पातेले वाया जाते. ही उपमा नुसती सोयीची नाही, कारण रासायनिक खतांपैकी बहुतेक ही रसायनशास्त्राच्या भाषेत खरोखरच क्षार आहेत.

खताच्या पिशवीवर 19:19:19 किंवा 18:46:00 असे आकडे असतात. पहिला आकडा नत्राचा (नायट्रोजन), दुसरा स्फुरदाचा (फॉस्फरस), तिसरा पालाशचा (पोटॅशियम). नत्र पाने आणि कोवळी वाढ घडवते, स्फुरद मुळे आणि फुले-फळे यांच्या कामी येते, पालाश पाण्याचे नियमन आणि एकंदर काटकपणा सांभाळते. आकडे टक्केवारीत असतात; म्हणजे 19:19:19 च्या 100 ग्रॅम पुडीत 19 ग्रॅम नत्र असते. (स्फुरद आणि पालाश यांचे आकडे जुन्या प्रथेप्रमाणे त्यांच्या ऑक्साइडच्या रूपात मोजलेले असतात; त्यामुळे 19 ग्रॅम लिहिलेले असले तरी शुद्ध फॉस्फरस त्यात सुमारे 8.3 ग्रॅमच असतो. कुंडीपुरते हे विसरले तरी चालेल.) कोलियस आपण पानांसाठी लावतो, त्यामुळे फुलांसाठी म्हणून विकली जाणारी जास्त स्फुरदाची खते त्याला देण्यात अर्थ नाही. आणि पानांसाठी नत्र लागते म्हणून नुसते नत्रच दिले तर पानांत हरितद्रव्य वाढून लाल रंग झाकला जातो, पेरांमधले अंतर लांबते आणि देठ पिचपिचीत होतो. तिन्ही अन्नद्रव्ये समान असलेले खत थोड्या प्रमाणात देणे, एवढेच पुरते.

थोडे म्हणजे नेमके किती

पाण्यात विरघळणाऱ्या 19:19:19 च्या पुडीवर किंवा शेतकऱ्यांच्या बोलण्यात लिटरला 3 ते 5 ग्रॅम असे प्रमाण आढळते. ते शेतातल्या पिकावर फवारण्यासाठी आहे. शेतात मुळांना पसरायला जमीन असते. 8 इंची कुंडीतल्या मुळांना पळून जायला जागा नसते. कुंडीतल्या कोलियससाठी लिटरला अर्धा ग्रॅम हे प्रमाण पुरेसे आहे. अर्धा ग्रॅम घरी मोजता येत नाही, म्हणून एक युक्ती करावी. सपाट भरलेला चहाचा चमचा, म्हणजे अंदाजे 5 ग्रॅम खत, एक लिटर पाण्यात विरघळवून बाटलीत ठेवावे, बाटलीवर ठळक अक्षरांत ‘खत’ असे लिहावे आणि ती मुलांच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवावी. या द्रावणातले 100 मिलिलिटर, म्हणजे अर्धी वाटी, घेऊन त्यात पाणी घालून एकूण एक लिटर करावे. हे पाणी मध्यम कुंडीला अर्धा लिटर, दर पंधरा दिवसांनी, झाड जोमाने वाढत असेल तेव्हाच द्यावे. माती कोरडी ठणठणीत असताना देऊ नये. आधी साधे पाणी घालावे आणि मग खताचे. झाडाने मान टाकलेली असताना तर मुळीच देऊ नये.

हे प्रमाण फारच कमी आहे असे वाटेल, म्हणून थोडा हिशेब करू. वरच्या पद्धतीने एका वेळी कुंडीत सुमारे 48 मिलिग्रॅम नत्र जाते. युरियात 46 टक्के नत्र असते. कोणी मायेने चमचाभर युरिया, म्हणजे अंदाजे 4 ग्रॅम, त्याच कुंडीत टाकला तर एका फटक्यात 1,840 मिलिग्रॅम नत्र पडते. पंधरा दिवसांचा हप्ता धरला तर ही दीड वर्षाहून अधिक काळाची शिधासामग्री झाली, आणि ती आपण एका सकाळी वाढली.

त्यातून काय घडते ते स्वयंपाकघरात रोज दिसते. कोशिंबिरीसाठी चिरलेल्या काकडीला मीठ लावून ठेवले की दहा मिनिटांत तिला पाणी सुटते, कारण मिठाचे प्रमाण जिकडे जास्त असते तिकडे पाणी ओढले जाते. मातीत क्षार वाढले की मुळांचेही तेच होते: कुंडीत पाणी असूनही ते मुळांत शिरण्याऐवजी बाहेर राहते आणि झाड ओल्या मातीत तहानते. पानांच्या कडा करपतात, झाड कोमेजते, आपण घाबरून आणखी खत घालतो. कुंडीच्या काठावर किंवा मातीवर पांढरी खपली दिसू लागली तर ती या क्षारांची असते. अशा वेळी खपली खरवडून काढावी, कुंडी मोरीत नेऊन तिच्यात कुंडीच्या आकारमानाच्या दोन-तीन पट साधे पाणी हळूहळू ओतावे, तळाच्या छिद्रातून ते पूर्ण निथळू द्यावे, आणि नंतर महिनाभर खताचे नाव काढू नये.

‘सेंद्रिय खताचे अजीर्ण होत नाही ना?’

होते, फक्त सावकाश होते. चांगल्या कुजलेल्या शेणखतात नत्र अर्धा टक्क्याच्या आसपास असते आणि ते महिनोन् महिने थोडे थोडे सुटते, त्यामुळे शेणखत किंवा गांडूळखत यांच्यात चूक होण्याची शक्यता कमी. माझ्या मते घरच्या कोलियससाठी सर्वांत सोपी व्यवस्था हीच: लावतानाच दोन भाग माती, एक भाग धुतलेले कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, आणि एक भाग गांडूळखत असे मिश्रण करावे, आणि पुढे दर दोन महिन्यांनी मूठभर गांडूळखत वरच्या मातीत खुरप्याने मिसळावे. एवढे केले तर वर सांगितलेले 19:19:19 दिले नाही तरी चालते. दोन्ही देण्याचा आग्रह असेल तर द्रवखत महिन्यातून एकदाच द्यावे.

पेंडीची गोष्ट वेगळी आहे. शेंगदाण्याच्या पेंडीत सुमारे 7 टक्के नत्र असते, म्हणजे ती सेंद्रिय असली तरी चांगलीच जड आहे. कच्ची पेंड कुंडीत पुरली की ती कुजताना उष्णता, वास, बुरशी आणि मुंग्या हे सगळे पाहुणे एकदम येतात. पेंड वापरायचीच असेल तर आठवडाभर पाण्यात भिजवून कुजवावी आणि वरचे पाणी चहापेक्षा फिकट होईल इतके पातळ करून घालावे. शेजाऱ्यांशी संबंध चांगले असतील तरच, कारण वासाची जबाबदारी आपली.

केळीच्या सालीचे पाणी, चहाचा चोथा, तांदळाचे धुवण, अंड्याची टरफले यांविषयी विचारल्याशिवाय कोणी राहत नाही. यांतील कशानेही कोलियसचा रंग खुलत नाही. केळीची साल रात्रभर पाण्यात ठेवली की थोडे पालाश पाण्यात उतरते, त्यात नत्र नगण्य असते. चहाचा चोथा दूध-साखरेचा असेल तर तो मुंग्यांना आणि चिलटांना आमंत्रण ठरतो. टरफलांतला चुना विरघळायला फार काळ लागतो, आणि कोलियसला किंचित आम्लधर्मी माती आवडत असल्याने चुना हवा आहे असेही नाही. हे सगळे फेकून देऊ नये, कंपोस्टच्या डब्यात टाकावे. चार-सहा महिन्यांनी त्याचेच उत्तम खत होते.

‘पाने पिवळी पडली म्हणजे खत कमी झाले’

नेहमीच नाही, आणि कोणती पाने पिवळी पडली हे पाहिल्याशिवाय तर सांगताच येत नाही. नत्र झाडात हलू शकते. त्याची चणचण झाली की झाड जुन्या पानांतले नत्र काढून शेंड्याकडे पाठवते, म्हणून खालची पाने आधी एकसारखी पिवळी पडतात आणि नवी पाने लहान येतात. वर्षभर त्याच मातीत असलेल्या झाडाचे असे झाले तर खत जरूर द्यावे. परंतु खालची पाने पिवळी पडून गळत असतील आणि मातीत बोट खुपसल्यावर ती चिखलासारखी लागत असेल तर दोष पाण्याचा आहे. मुळे हवेविना गुदमरली आहेत आणि खत घातल्याने ती अधिक कुजतील.

याउलट वरची कोवळी पाने पिवळी आणि त्यांच्या शिरा तेवढ्या हिरव्या दिसत असतील तर ते लोहाच्या कमतरतेचे लक्षण आहे. बोअरवेलचे जड पाणी वापरणाऱ्या सोसायट्यांमध्ये हे बरेच दिसते: पाण्यातल्या चुन्यामुळे माती अल्कधर्मी होते आणि तिच्यात लोह असूनही मुळांना ते उचलता येत नाही. पावसाळ्यात बादलीभर पावसाचे पाणी साठवून ते दिले, किंवा वरची माती बदलली, तर फरक पडतो. बाजारात चिलेटेड लोह मिळते, म्हणजे मातीत अडकून न पडता मुळांपर्यंत पोचेल अशा रूपात बांधलेले लोह; ते पुडीवरच्या प्रमाणाच्या निम्मे द्यावे.

पाण्यासाठी वेळापत्रक नको. वरची बोटाच्या एका पेराएवढी माती कोरडी लागली की तळातून निथळेपर्यंत पाणी घालावे आणि ताटलीत साचलेले ओतून टाकावे. कोलियस तहान लागली की नाटकी ढंगाने सगळी पाने खाली टाकते आणि पाणी मिळताच तासाभरात उभे राहते, हे एकदा पाहिले की भीती जाते. माती ओली असूनही सकाळी झाड मलूल असेल, तेव्हा मात्र मुळे कुजत आहेत असे समजावे.

मंजिऱ्या खुडतो, तसाच शेंडा खुडावा

तुळशीच्या मंजिऱ्या खुडल्या की ती फुटते, हे आपल्याकडे लहान मुलालाही माहीत असते. कोलियसला तोच नियम लागू आहे आणि झाड दाट होण्यासाठी कोणत्याही खतापेक्षा याचा उपयोग अधिक होतो. शेंड्यातून ऑक्झिन नावाचे संप्रेरक खाली झिरपते आणि पानांच्या बेचक्यांतल्या डोळ्यांना दाबून ठेवते. घरातली कर्ती व्यक्ती असेपर्यंत धाकट्यांनी तोंड उघडू नये, त्यातला प्रकार. रोपाला चार-पाच जोड्या पाने आली की वरची एक जोडी पेराच्या लगेच वर नखाने खुडावी. खालच्या दोन्ही डोळ्यांतून फांद्या फुटतात. त्या वाढल्या की त्यांचेही शेंडे खुडावेत, म्हणजे दोन-तीन महिन्यांत काठीसारख्या झाडाचे झुडूप होते.

निळसर जांभळ्या फुलांचे तुरे दिसू लागताच तेही काढावेत. फुले वाईट नसतात, परंतु बी धरण्याच्या मागे लागलेले झाड पानांकडे दुर्लक्ष करते, नवी पाने बारीक होतात आणि झाड लवकर म्हातारे दिसू लागते. एखाद्या फांदीला अचानक एकरंगी हिरवी पाने आली आणि बाकीचे झाड रंगीतच असेल, तर तो प्रकाशाचा दोष नसून त्या फांदीपुरता झालेला पेशींतला बदल असतो. ती फांदी बुडापासून कापावी, कारण हिरवी फांदी जास्त कमावते आणि बघता बघता रंगीत फांद्यांना मागे टाकते.

ऋतूंप्रमाणे

पावसाळ्यात खत जवळपास थांबवावे, कारण मुसळधार पावसात ते वाहूनच जाते, आणि कुंडी शक्य तर छपराखाली घ्यावी. गोगलगायी रात्री पाने कुरतडतात. बॅटरी घेऊन त्या वेचणे हाच खात्रीचा उपाय. ऑक्टोबरपासून थंडी जोर धरेपर्यंतचा काळ वाढीला चांगला, तेव्हा नियमित हप्ता चालू ठेवावा. नाशिक, पुणे, महाबळेश्वर या बाजूला रात्रीचे तापमान 13 अंशांखाली गेले की झाड थबकते. झोपलेल्या माणसाला जेवायला वाढू नये, तसे तेव्हा खत बंद करावे आणि पाणीही कमी करावे. विदर्भाच्या उन्हाळ्यात दोन वेळा पाणी आणि दिवसभर सावली एवढे सांभाळले तरी पुष्कळ झाले.

किडींचाही खताशी संबंध आहे. नत्र जास्त झालेली रसरशीत, मऊ वाढ मावा आणि पिठ्या ढेकूण यांना विशेष आवडते. पेरांत कापसासारखे पुंजके दिसले तर सर्जिकल स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या बोळ्याने ते पुसून काढावेत, आणि आठवड्यातून एकदा लिटरभर पाण्यात 5 मिलिलिटर कडुनिंबाचे तेल व साबणाच्या पाण्याचे थेंब घालून संध्याकाळी फवारावे. घरात मांजर किंवा कुत्रा असेल तर कुंडी त्याच्या तोंडाला लागणार नाही अशी ठेवावी. पानांतली तेले त्यांच्या पोटाला बाधतात.

जुने झाड की नवे

कोलियस बहुवर्षायू असले तरी दीड-दोन वर्षांत त्याचे बूड लाकडासारखे होते आणि खालचा भाग उघडा पडतो. अशा झाडाला खत घालून तरुण करण्याचा प्रयत्न व्यर्थ आहे. त्याऐवजी चार इंचांचा निरोगी शेंडा पेराच्या खाली कापावा, खालची पाने काढावीत आणि काचेच्या पेल्यात, पेर पाण्यात बुडेल असा, उजेडात पण उन्हाबाहेर ठेवावा. दर दोन-तीन दिवसांनी पाणी बदलावे. आठ-दहा दिवसांत पेराशी पांढरी मुळे दिसतात. ती इंचभर झाली की कुंडीत लावावे आणि पहिले तीन आठवडे कोणतेही खत देऊ नये. बियांपासून आलेल्या रोपाचा रंग आईसारखा निघेलच असे नसते. फांदीपासून केलेले रोप मात्र त्याच रंगाचे येते, म्हणून आवडत्या प्रकाराचे एक जास्तीचे रोप दर पावसाळ्यात करून शेजाऱ्याकडे ठेवावे. आपले झाड गेले तर तेथून शेंडा मागून आणता येतो.